थांबवल्यावर उजेड कमी होतो

"बाई, गिऱ्हाईक मशीन घ्यायला आलंय, परीक्षेला बसायला न्हाय," असं म्हणत मालकांनी माझा तक्ता बाजूला सारला.

मुलांनो, सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फोटोच्या सामानाच्या एका दुकानात डेमॉन्स्ट्रेटर होते. आम्ही घरगुती सिनेमाचे सेकंडहँड प्रोजेक्टर विकायचो. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून मशीन तपासणं आणि गिऱ्हाइकाला समजावणं माझ्याकडे. प्रत्येकाचे गुणदोष मी तक्त्यात लिहीत असे.

त्या दिवशी टेबलावर दोन प्रोजेक्टर होते. पहिला ओतीव धातूचा, उचलायला दोन्ही हात लागत. आत सगळी दातेरी चाकं, दिवा मोठा. फिल्म हाताने एकेका चाकावरून ओवावी लागे. दुसरा हलका, प्लॅस्टिकच्या झाकणाचा, रबरी पट्ट्यावर चालणारा. फिल्मचं टोक दिलं की स्वतःच आत ओढून घ्यायचा. चित्र थांबवायची कळ दोन्हींना होती. दुसऱ्याची कळ दाबली की भिंतीवरचा उजेड मंद होई. 'दोष' या रकान्यात मी लिहिलं: थांबवल्यावर उजेड कमी होतो.

गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोटचे भुसार व्यापारी शिवलिंगप्पा आणि त्यांच्या पत्नी गौरम्मा. त्यांची मुलगी नीला पहिल्या बाळंतपणात गेली होती. जवळ तिच्या डोहाळजेवणाचं एकच रीळ. लग्नाच्या फोटोंत ती गंभीर. हसणारी नीला एवढ्या रिळातच होती.

"कुटलं घेऊ, अक्का?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"धातूचं. याला काही होत नाही."

मागच्या खोलीत खिडक्यांचे पडदे ओढून त्याच मशीनवर रीळ लावलं. नीला झोपाळ्यावर बसलेली, मान खाली. बायका ओटी भरत होत्या. मग कुणीतरी हाक मारली असावी. तिने वर पाहिलं आणि हसली.

"हितं थांबवा की ओ, अक्का!" गौरम्मा उठून पडद्यापाशी गेल्या. "पळतीया नुसती. जरा बगू द्या."

मी कळ ओढली. चित्र थांबलं, लख्ख. गौरम्मांनी लेकीच्या गालांवरून हात फिरवला. दृष्ट काढून बोटं मोडायला हात स्वतःच्या कानशिलांकडे नेले, तेवढ्यात नीलाच्या गालावर तपकिरी डाग उठला. तो पसरला आणि पडद्यावर पांढरा उजेड राहिला.

मी घाबरले आणि चूक वाढवली. दिवा बंद करण्याऐवजी मोटर पुन्हा सुरू केली. जळलेली फिल्म अडकली आणि पुढची भोकं फाटत गेली.

फिल्मवरचं प्रत्येक चित्र दिव्यासमोर क्षणभरच थांबतं, म्हणून वाचतं. दुसऱ्या मशीनमध्ये कळ दाबताच दिव्यापुढे बारीक जाळी येऊन उष्णता अडवत असे. उजेड कमी होई तो त्यामुळे. पहिल्याची कळ दिवा बंद ठेवून, फिल्म ओवताना वापरायची होती. मी दोन्ही कळा तपासल्या होत्या, पण फिल्म खराब होऊ नये म्हणून रिकाम्या मशीनवर.

"जुनी फिल्म ठिसूळ असती हो," मालक शिवलिंगप्पांना म्हणाले. मी कात्री घेतली. जळलेला तुकडा कापून फिल्म जोडून दिली. आता रिळात नीलाची मान खाली, आणि लगेच तिची पाठ; मधलं हसू गेलं होतं.

शिवलिंगप्पांनी हलक्या मशीनवर हात ठेवला. "ह्यात थांबवता येतं का?"

"येतं."

"मग हेच बांधा."

त्यानंतर प्रत्येक मशीन मी टाकाऊ फिल्म घालून तपासलं. एखादी गोष्ट दोष वाटली, तर ती कशासाठी ठेवली आहे, याचा वेगळा रकाना तक्त्यात वाढवला. तुम्हीही वाढवा.

चूक माझी होती, हे सांगणारं पत्र मात्र मी अक्कलकोटला कधी लिहिलं नाही. गौरम्मांना मराठी वाचता येत नाही, असं स्वतःला सांगत राहिले. शिवलिंगप्पांना येत होतं.