वाडीत न शिरलेली गाडी

डहाणूला इराणी रोडच्या मागे माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एकवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, आणि या धंद्यात माझं डोकं फिरवतात ते शिकाऊ नव्हे, त्यांच्या घरचे. शिकणारा बिचारा चुकतो, घाम पुसतो, परत चालवतो. घरचे मागच्या सीटवर बसून नुसत्या कपाळाला आठ्या घालतात.

नूतन माझ्याकडे आली ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. घोलवडची, वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही. वडील गेल्यापासून चिकूची वाडी तीच बघते. तोडणीला बायका लावणं, पॅकिंग, ट्रक भरून देणं, सगळं तिच्या अंगावर. धाकटा भाऊ पीयूष बोरिवलीला नोकरी करतो. वाडी त्याच्या नावावर आहे. आमच्याकडे हे असंच चालतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

नवरात्रात नूतनची आई, रंभाबाई, पिकून पडलेल्या चिकूवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. वापीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नूतनला समोर बसवून सांगितलं, दोन-अडीच महिने घरीच व्यायाम, मग तीन महिने आठवड्यातून तीनदा डहाणूला फिजिओथेरपी. एवढं पाळलंत तर बाई स्वतःच्या पायांनी वाडीत फिरेल. नाही पाळलंत तर पाय आखडेल, तो पुन्हा सुटणार नाही. बसताना गुडघे कमरेच्या वर जायला नकोत, धक्के नकोत. म्हणजे रिक्षा बाद झाली. गाडी हवी आणि ती चालवणारं माणूस घरातलंच हवं, म्हणून नूतनने माझ्याकडे नाव घातलं.

पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "सर, मला जोरात चालवायला शिकवू नका. आईला धक्का न लागता न्यायचंय." घोलवड ते डहाणू किती स्पीडब्रेकर आहेत ते तिने स्कूटीवरून जाऊन मोजून ठेवले होते. एकोणीस. मी इतकी वर्षं त्याच रस्त्याने जातो, मला सांगता आलं नसतं. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. माझ्याकडून शिकून गेलेले अर्धे पुरुष तिच्यासारखी गाडी मागे घेऊ शकत नाहीत, हे मी कुणालाही लिहून देईन.

मग गाडी कोणती घ्यायची ते बघायला लागलो. घरापर्यंत जायला दोन्ही बाजूंना कुंपण असलेली एकच गल्ली. नूतनने ती दोरीने मोजली आणि ती दोरी घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो. तिथला पोरगा मायलेज सांगत होता आणि ही आरशापासून आरशापर्यंत दोरी लावत होती. सीट जमिनीपासून किती उंच, दार किती उघडतं, हेही तिने टेपने मोजलं. पोरगा तोंड फिरवून हसला. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. शेवटी डहाणूतल्या एका निवृत्त मास्तरांची जुनी गाडी सापडली. छोटी, पण उंच टपाची. माणूस न वाकता सरळ सीटवर टेकतो. गल्लीतून जाऊन दोन्हीकडे वीतभर जागा उरत होती. इंजिन मी स्वतः बघितलं, ठणठणीत होतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पीयूष आला. मास्तरांची गाडी बघून त्याने नाक मुरडलं. "फॅमिली कार म्हणजे सगळी फॅमिली मावली पाहिजे ना! सुट्टीत आम्ही येणार. मागच्या सीट पाडल्या की चिकूचे क्रेटही बसले पाहिजेत." त्याने सात सीटची पांढरीफेक गाडी ठरवली होती. गल्लीचं काय, असं नूतनने विचारलं. तो म्हणाला, "कुंपण मागे घेऊ." एका बाजूचं कुंपण दुसऱ्याच्या मालकीचं होतं.

त्या संध्याकाळी तो माझ्या ऑफिसात आला. चहा झाला. मग खाजगीत बोलावं तसं म्हणाला, "सर, खरं सांगा, ताईला ही गाडी झेपेल?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. झेपणार नाही ती तुझ्या आईला, तिला त्या उंच गाडीच्या पायरीवर पाय टाकता येणार नाही, मुकाट्याने मास्तरांची गाडी घे. पण समोर गाडीचे पैसे देणारा बसलेला, वर मला मोठ्या मानाने विचारत होता. मी म्हणालो, "सुरुवातीला जरा अवघड जाईल. थोडा सराव हवा. तोवर तुम्ही कुणीतरी चालवा."

त्याला तेवढंच हवं होतं.

गाडी आली, हार घातला, पेढे वाटले. गल्लीच्या तोंडाशी येऊन अडली ती अडलीच. मग ती रस्त्याला लागून असलेल्या हरिश्चंद्रकाकांच्या अंगणात उभी राहू लागली. किल्लीही काकांच्या भिंतीवरच्या खिळ्याला गेली. हे दोघा भावंडांचे सख्खे काका, त्यांना गाडी येते. नूतन सरावासाठी किल्ली मागायला गेली की म्हणायचे, "बाय, नवी गाडी हाय. तुझ्याने नाय होणार. मी नेतो ना!" पण त्यांना कधी लग्नाला जायचं असे, कधी झाई गावात व्याह्यांकडे. पहिल्या आठवड्यात रंभाबाई डहाणूला तीनदा गेली. पुढे दोनदा, मग एकदा. फेब्रुवारीत सलग दोन आठवडे एकदाही नाही.

एका मंगळवारी नूतनचा मला फोन आला. "सर, काका घरी नाहीत. मी किल्ली घेतलीय. नुसते शेजारी बसायला याल?"

मी गेलो. तिने काकांच्या अंगणातून ती लांबलचक गाडी अशी काढली की शेजारी बसून मला सवयीने ब्रेक शोधावासाही वाटला नाही. गल्लीच्या तोंडाशी आणून लावली. तोडणीला येणाऱ्या शुक्री आणि रूपी यांनी रंभाबाईला खुर्चीत बसवून गल्लीतून उचलून आणलं. पायरीसाठी स्टूल तयार होतं. नूतन दार उघडून हात पुढे करून उभी राहिली.

रंभाबाईने चालकाच्या रिकाम्या सीटकडे बघितलं. "कोण चालवणार?"

"मीच, आई."

"नको. पीयूषला येऊ दे."

"आई, तो महिन्याने येणार. तुझा पाय..."

"माझा पाय एकदा मोडलाय, बाय. आता परत नको." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हेच सर पीयूषला बोलले, हिला झेपणार नाय. हो की नाय वो?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नूतननेही. नाही, तुमची मुलगी उत्तम चालवते, एवढंच बोलायचं होतं. पण मग पीयूषला वेगळं का सांगितलं, हे तिथेच निघालं असतं. मी म्हणालो, "तसं नाही... म्हणजे..." बायकांनी खुर्ची उचलली आणि परत वाडीत नेली. त्यानंतर नूतनने किल्ली मागितली नाही.

एप्रिलमध्ये ती स्कूटीवरून माझ्या ऑफिसात आली. वापीला डॉक्टरांना दाखवून आली होती. पाय आखडलाय, आता वॉकर कायमचा, घरापुरतंच चालणं. तिने हे हवामान सांगावं तसं सांगितलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "नूतन, मी झेपणार नाही असं म्हणालोच नव्हतो. थोडा सराव हवा, एवढंच म्हणालो होतो."

"हो, पीयूषने सांगितलं मला," ती म्हणाली. "मी सराव कुठल्या गाडीवर करायचा होता, सर?"

तिने हेल्मेट घातलं आणि निघून गेली.