दोन दिवसांत सैल होतो

बुटांच्या दुकानातल्या त्या सेल्समनला सगळी गल्ली ‘कोच’ म्हणायची. ही पदवी त्याने स्वतःच स्वतःला बहाल केली होती आणि इतक्या वेळा ऐकवली होती, की लोकांनी कंटाळून ती मान्य केली. धावायचे बूट घ्यायला कोणी आलं, की हा पायात बूट सरकवायचा पत्र्याचा चमचा छडीसारखा नाचवत श्वास, चवडा, टाच, गुडघा अशा एकेका विषयावर प्रवचन झोडायचा. स्वतः कधी धावलात का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. त्याची सगळी दौड काउंटरपासून गोदामाच्या शिडीपर्यंत.

“पुढे जरा चेपतोय हो,” असं गिऱ्हाईक कुरकुरलं, की उत्तर तयार.

“चेपू दे. बूट फिट बसला पाहिजे. दोन दिवसांत सैल होतो.”

गिऱ्हाईक आरशापर्यंत चार पावलं टाकून परत येई आणि खोका बांधला जाई. आरशाच्या पलीकडे त्या पायाचं काय होतं, हे कोचने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आडवा आला तो साडू. साडू म्हणजे नात्यातला मोठा अवघड प्रकार. भावासारखा बदडता येत नाही, परक्यासारखा टाळता येत नाही. सासुरवाडीच्या जेवणात कोच टाचेचं महत्त्व समजावत होता, तेव्हा साडू भात कालवता कालवता म्हणाला, “साडूभाऊ, गावात पाच किलोमीटरची दौड आहे. माझ्या पुढे आलात तर तुम्ही कोच. नाही आलात तर यापुढे सगळ्यांनी तुम्हाला ‘चमचेवाले’ म्हणायचं. कबूल?”

सासऱ्यांना हसता हसता ठसका लागला. आता माघार घ्यायची कशी?

दुसऱ्याच दिवशी साडू बूट घ्यायला दुकानात हजर. त्याच्या मापाचा जोड संपलेला. एक नंबर मोठा मात्र कधीचा पडून होता. “धावायला असाच ढगळ लागतो,” कोचने बिनदिक्कत ठोकून दिलं. हा आता पहिल्याच वळणावर आपटणार, या विचाराने तो दिवसभर गालातल्या गालात हसत होता. स्वतःसाठी त्याने असा घट्ट जोड निवडला, की पाय आत घालायला चमचाही वाकला.

दौडीच्या दिवशी कोच सगळ्यांत पुढे, खऱ्या धावपटूंच्या खांद्याला खांदा लावून उभा. इशारा होताच तो सुटला तो बाण. साडू पार मागे पडला. कोच रस्त्याकडेच्या बघ्यांना हात करत होता. हा सगळा थाट पेट्रोलपंपापर्यंत टिकला. मग पोटात कळ आली. पाण्याचा पेला धावता धावता तोंडाला लावला, तर पाणी नाकात. खोकायला थांबला, तोवर बाबागाडी ढकलणारी एक आई त्याला “बाजूला हं” म्हणून पुढे गेली. गाडीतलं बाळ शांत झोपलं होतं.

पण खरी गंमत बुटात चालली होती. पाय धावून धावून सुजतात, ही गोष्ट त्याच्या प्रवचनात कधी आलीच नव्हती. बोटं एकमेकांवर चढली होती. अंगठ्याच्या नखावर कोणी हातोडी मारत असावं. लंगडणाऱ्या कोचला मागून वाचनालयातल्या बाईंनी गाठलं. गेल्या वर्षी त्यांना त्यानेच बूट विकला होता. आज पायात दुसऱ्या दुकानाचा होता.

“काय कोच, चेपतोय का पुढे?”

“छे! फिट आहे.”

“होईल सैल,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

शेवटच्या चढावर साडू आला. ढगळ बुटात पाय ऐसपैस पसरून, शीळ घालत. कोचने दात-ओठ खाऊन जोर लावला, पण अंगठ्याने साफ नकार दिला. साडू पुढे गेला तो गेलाच.

कोच खुरडत शेवटची रेघ ओलांडून आला, तर साडू मिठी मारायला धावला. “साडूभाऊ, मानलं तुम्हाला! एक नंबर मोठा दिलात म्हणून तर धावलो. पैज गेली उडत, कोच तुम्हीच!”

इथे कोणीही शरमेने मान खाली घातली असती. कोचने ती डोलावली. “म्हटलं होतं ना? शास्त्र आहे ते.”

गाडा पुन्हा सुरू. त्या दिवसापासून तो दुकानात प्रत्येकाला बजावतो, “अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. मी स्वतः संशोधन केलंय.” सल्ला मात्र खरा आहे, आणि गल्लीतले पाय सुखी आहेत.

हरला तो फक्त घरी. दौडीच्याच दुपारी कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून तो कण्हत बसला होता. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. बायकोने वाकून पाहिलं, शांतपणे पंचा त्याच्या खांद्यावर टाकला.

“फार दुखतंय गं.”

“दुखू दे,” ती म्हणाली. “दोन दिवसांत सैल होतं, चमचेवाले.”