जिवंत बापाचं सुतक

ताईबाई खोटं बोलली ते घाबरून. बोलून झाल्यावर तिला कळलं की आता खरं घाबरायचं आहे.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं तिचं गाव. शाळेत पोरांची खिचडी शिजवणं हे तिचं काम. नवरा छगन केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जातो. निवडणूक लागली की त्याची फेरी हमखास लांबते. ग्रामपंचायत असो की विधानसभा, मतदानाच्या दिवशी छगन कुठेतरी महामार्गावर असतो. त्यामुळे त्याला कोणी काही विचारत नाही, आणि त्याच्या वाट्याचंही सगळे ताईबाईला विचारतात.

यंदा ग्रामपंचायतीला प्रभागात समोरासमोर दोघे. एक कौतिक, छगनचा चुलतभाऊ, म्हणजे तिचा दीर. दुसरा हितेंद्र, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. खिचडीचं काम त्यानेच तिला दिलेलं. प्रचाराला तो एकदाच आला, तोही शाळेच्या शेडपाशी. चपला न काढता उंबऱ्यावर उभा राहिला आणि चुलीकडे बघत म्हणाला, "अक्का, धूर फार होतो हो इथे. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगा. गावात बायका पुष्कळ आहेत." एवढंच. मताचं नावही काढलं नाही.

तिने मनात मात्र कौतिकला धरलं होतं. कारण मोठं नव्हतं. सासू आजारी पडली तेव्हा भर पावसात त्यानेच तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं होतं आणि नंतर कधी बोलून दाखवलं नव्हतं. मत गुपचूप द्यायचं, तोंडाने कोणालाच हो म्हणायचं नाही, असं तिने ठरवलं. गावातल्या निम्म्या बायका असंच ठरवतात. प्रभाग लहान, मोजणी प्रभागाची वेगळी, आकडा बाहेर पडला की कोणती गल्ली कुठे गेली हे पारावर बसून पोरंही सांगतात. पण गल्ली म्हणजे कोणा एकीचं बोट नव्हे. त्या एवढ्याशा आडोशाच्या भरवशावर ती होती.

मग कौतिकने नारळ बाहेर काढला.

कानबाईचा परणेल नारळ. देवीचं लग्न लावलेला हा नारळ भाऊबंदकीत कौतिकच्या देवघरात असतो. श्रावणातला एक रविवार सोडला तर तो जागचा हलत नाही. कानबाईच्या प्रसादाचे रोट खाताना सगळे भाऊबंद त्याच्यापुढे बसतात, आणि बाहेरच्याला तो घासही देत नाहीत. तो नारळ ऐन थंडीत लाल फडक्यात गुंडाळून, ताटात ठेवून कौतिक भाऊबंदांची दारं घेऊ लागला. नारळावर हात ठेवायचा आणि मत कोणाला ते मोठ्याने बोलायचं. मागच्या वेळी अशी शपथ घेऊन शेवंताबाईने उलटं मत दिलं, असं गावात बोललं गेलं. त्याच हिवाळ्यात तिचा मुलगा ट्रॅक्टरवरून पडला, तो अजून काठी घेऊन चालतो. तिने खरंच उलटं दिलं होतं का, हे कोणी विचारलं नाही. काठी दिसत होती, तेवढं पुरे होतं.

ताईबाईची अडचण वेगळीच होती. शपथ तिला खरीच घेता आली असती. पण मत पुठ्ठ्याआड द्यायचं असतं आणि शपथ दारात, गल्लीसमोर घ्यायची होती. हात नारळावर पडला की ती बातमी घटकाभरात हितेंद्रच्या कानावर जाणार आणि चूल दुसरीच्या हातात.

शुक्रवारी ताट तिच्या दारात आलं. मागे गल्लीतल्या बायका होत्या.

"वहिनी, ठेवा हात," कौतिक म्हणाला. "घरनाच काम शे."

तिने हात पदराखाली घेतला. "नको भाऊ. माले सुतक शे."

"कसानं सुतक?"

भाऊबंदांतलं कोणी गेलं म्हणावं, तर ते सुतक कौतिकलाही लागणार. मग नारळ त्याच्याच हातात कसा? एवढा हिशेब तिच्या डोक्याने एका श्वासात केला, आणि दुसऱ्या श्वासात तोंडातून शब्द गेला.

"मन्हा आबा गया. आत्तेच फोन उना."

कौतिक दोन पावलं मागे सरला. फडकं नारळावर नीट ओढलं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस, मतदान रविवारी; तोवर नारळ पुन्हा तिच्या दारात येणार नव्हता. एक म्हातारी तिथेच डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आते आठे काय उभी शे, बाई? निंघ ना!"

तेव्हा निघावंच लागलं. तिने माहेरी जायला धुळ्याची एसटी धरली. जिवंत माणसाला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं, असंही म्हणतात. पण ते चुकून म्हटलं तर. तिने नारळासमोर उभं राहून, जाणूनबुजून म्हटलं होतं. देवीने ऐकलं असेल आणि खरं मानलं असेल तर? धुळ्याला गाडी बदलून, साक्रीला उतरून ती माहेरच्या गावच्या रिक्षात बसली. वाटेत समोरून मयताहून परतल्यासारखे पांढरी टोपी घातलेले चारजण येताना दिसले, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

निंबा आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. "ताई?" ते म्हणाले. "अशी कशी वाट चुकनी?"

ती पाया पडली, आणि जरा जास्त वेळ पायांवरच राहिली. भावजय पुनमने चहा केला. आबांना ठसका लागला तशी ताईबाई दचकली. रात्रीच्या जेवणात आबांनी भाकरी निम्मी ठेवली. "रोज इतलंच खातस," पुनम म्हणाली. ताईबाईला ते पटलं नाही.

तिचा बेत सरळ होता. शनिवार इथे काढायचा, रविवारी पहिल्या एसटीने परतायचं. सुतकात नारळाला शिवत नाहीत, पण मतदान यंत्राला सुतक नाही. गुपचूप बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. एकच गोष्ट ती विसरली. उमेदवार जेवण चुकवील, मयत चुकवणार नाही.

शनिवारी प्रचार थांबलेला होता. पण दारावर जायला, म्हणजे मयताच्या घरी भेटायला जायला, आचारसंहिता आड येत नाही. दुपारी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. त्यातून गल्लीतल्या चार बायका उतरल्या, पदर तोंडावर ओढला आणि रिवाजाप्रमाणे तिथूनच गळा काढला.

"आबा वं... काबरं गया वं...!"

शेजारची दारं उघडली. ताईबाई घरात होती. तिच्या हातातला तांब्या खाली आला. जिवंत माणसाच्या दारात रडं, याहून वाईट अपशकुन तिला माहीत नव्हता. आणि तो तिनेच गाडीत बसवून आणल्यासारखा आणला होता.

आबा काठी टेकत ओट्याच्या कडेला आले. "कोन मरनं, बाई?" त्यांनी विचारलं.

बायकांचा आवाज एकेक करून बंद पडला. शेवटचीला कळायला जरा वेळ लागला, ती एकटीच थोडी पुढे रडली.

कौतिक जीपजवळ उभा होता. त्याने आबांकडे पाहिलं, मग दारातल्या ताईबाईकडे पाहिलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो हसला, आणि तिला जास्त भीती वाटली.

"काही नही आबा," तो पुढे येऊन म्हणाला. "बाया चुकनात. दुसरं घर व्हतं. तुम्हनी तब्येत देखाले उनूत."

"मन्ही तब्येत? मी त ठनठनीत शे!"

"ऱ्हावालेच पाहिजे."

तो ओट्यावर बसला आणि चहा मागितला. सुतकाच्या दारात चहा पीत नाहीत. त्याने पूर्ण कप प्यायला, सावकाश. निघताना ताईबाईला बाजूला घेतलं.

"वहिनी, हात ठेवाना नव्हता, त तोंडवर सांगतात. बापले कसाले मारं?"

"भाऊ, मन्हं मत तुम्हलेच..."

"हां, हां." त्याने तिला बोलू दिलं नाही. नारळ टाळणारी बाई समोरच्याची, हे गणित गावात पोराटोरांना पाठ असतं, आणि तो तर उमेदवार होता. "आते मताचं नाव नको. तुम्हले सुतक शे ना? मग पाळा. तीन दिन आठेच ऱ्हा. या बायासले मी गप्प ठेवसू. उद्या गावमा दिसनात, त मी बठ्ठा गावले सांगसू का आबा जित्ता शेतस. नारळले बी सांगसू."

जीप गेली. बायकांनी जाताना तिच्याकडे पाहिलं नाही.

तिने आबांना सगळं सांगितलं. पुनम कपाळाला हात लावून बसली. आबा शेंगा फोडता फोडता म्हणाले, "माले मारं त मारं, पोरी. पन कौतिकनी त्यानं मत बी त्यानाच हातवरी मारं." आणि खो खो हसले. हसता हसता पुन्हा ठसका लागला. ती धावत पाणी घेऊन आली.

रविवारी सकाळी हितेंद्रचा फोन आला. "अक्का, तुमचं दुःख कळलं. पण मत महत्त्वाचं. गाडी पाठवू का?" ती म्हणाली, सुतक आहे. "बरं," तो म्हणाला, "लक्षात ठेवतो."

पहिली एसटी गेली, मग दुसरी. ती ओट्यावर बसून आबांच्या छातीकडे बघत राहिली. वर, खाली. संध्याकाळी मतदान संपलं.

सोमवारी ती गावात परतली. ओट्यांवर, दुकानात, नळावर सगळ्यांच्या डाव्या तर्जनीवर शाईची रेघ होती. शाळेच्या शेडमध्ये चूल तिचीच होती, अजून तरी. खिचडी शिजत आली तेव्हा हितेंद्र उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. रस्त्यावरून कौतिक मोटारसायकलवर चालला होता, तोही थांबला. दोघांची नजर एकाच जागी होती, तिच्या कोऱ्या डाव्या तर्जनीवर.

ताईबाईने डावा हात पदराखाली घेतला आणि पोरांची ताटं एकाच हाताने वाढू लागली. पातेलं गरम होतं. धरायला दुसरा हात लागत होता. तो तिने बाहेर काढला नाही.