फिरवून आण

मामांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्या सांगण्यात खरी मानली नाही. डॉक्टरनं रक्तदाब मोजला की दुसरा हात पुढं करून म्हणायचे, "ह्याचाबी बघा." पाटसला ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. पंचवीस-तीस सीझन त्यांनी उसाच्या गाड्या मोजल्या. एखाद्या शेतकऱ्यानं वजनावर शंका घेतली, किंवा मामांनाच आकडा खटकला, की ते खिडकीतून ट्रॅक्टरवाल्याला ओरडायचे, "फिरवून आण!" मग त्यानं भरलेल्या ट्रॉल्या काट्यावरून उतरवायच्या, आवारात वळसा घालायचा आणि परत काट्यावर घ्यायच्या. दोन्ही आकडे जुळल्यावरच पावती. मागं लाईनीत उभे असलेले ड्रायव्हर आई-बहिणीवरून शिव्या द्यायचे. मामा खिडकीत बसून शांतपणे तंबाखू मळायचे. पंचक्रोशीत त्यांचं नावच 'फिरवून आण मामा' पडलं.

निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी माझ्या दुकानात येऊ लागले. माझं पाटसला हायवेला पाण्याच्या मोटारी आणि पाइपचं दुकान आहे. हे दुकान मला कुणी दिलेलं नाही. आठवी नापास झाल्यावर मी सायकलवर पाइपचे जोड विकत गावोगाव फिरलो आणि तिथून इथवर आलो. म्हणून मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही. मामांचं मात्र खपवून घेत होतो, कारण त्यांच्यामुळं गिऱ्हाईक बसून राहायचं. पेपर माझा, खुर्ची माझी आणि मैफल त्यांची.

राजकारणाचं पान ते उघडतसुद्धा नसत. थेट शोध आणि यंत्रांच्या बातम्यांवर जायचे, मोठ्यानं वाचायचे आणि चष्मा कपाळावर सारून निकाल द्यायचे. "मंगळावर वस्ती करणार म्हणं. हितं मंगळ असलेल्या पोरीचं लगीन जमंना, आन् हे तिथं बिऱ्हाड थाटाय निघाले." ऊस तोडणाऱ्या यंत्रमानवाची बातमी आली तेव्हा म्हणाले, "तोडंल, ऊस तोडंल. पण फडात साप निघाल्यावर पळायचं कसं, ते त्याला शिकवलंय का?" दुधाच्या गाडीवाला हसून हसून खाली बसला होता.

बातमी कात्रीनं कापून ते एका फायलीत लावत, वर तारीख टाकत, आणि सहा महिने तिच्याकडं बघत नसत. त्यालाच ते बातमी मुरवणं म्हणायचे. सहा महिन्यांनी फाईल उघडली की करमणूक व्हायची. चहानं आयुष्य वाढतं आणि चहानं आयुष्य घटतं, दोन्ही कात्रणं एकाच टाचणीत. "दोन्ही खरं धरलं तर चहा पिणारा हाय तिथंच ऱ्हातो," असं म्हणून ते माझ्याकडं बघायचे. म्हणजे मी चहा सांगायचा.

माझ्या फोनवर सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारं ते नवीन ॲप आलं, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, आता बोला. मामांनी विचारलं, "आज कारखान्यावर गाड्यांची लाईन कुठवर गेलीय?" ॲपनं दहा ओळींचं झकास मराठी उत्तर दिलं. त्यात शेतकऱ्यांचे कष्ट होते, सहकाराची परंपरा होती, लाईन तेवढी नव्हती. मामा म्हणाले, "ह्याला सगळं शिकवलं, फकस्त ठाऊक न्हाई म्हणायला कुणी शिकवलं न्हाई. आमच्याकडं असाच एक क्लार्क होता, संचालकाचा भाचा."

पण मामा विज्ञानाचे वैरी होते असं कुणी समजू नये. काट्याच्या यंत्रावर त्यांचा जीव होता. "काटा खोटं बोलत न्हाई, काट्याजवळचा माणूस बोलतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी माझ्या दुकानातल्या टीव्हीपुढं पन्नास माणूस उभं होतं. यान टेकल्यावर मामांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डोळे पुसत म्हणाले, "मागच्या टायमाला पडलं तेबी सगळ्यांदेखत पडलं व्हतं. लपवलं न्हाई. तवाच मी म्हणालो व्हतो, ही माणसं उतरवणार."

आता ज्या दिवसाचा मला राग आहे, त्या दिवसाकडं येतो.

पुण्याच्या एका कंपनीचा साहेब जमिनीतलं पाणी शोधायचं यंत्र घेऊन माझ्याकडं आला. चाकांवर निळी पेटी, वर पडदा. उपग्रह आणि कृत्रिम बुद्धी मिळून पाणी कुठं आणि किती खोल ते दाखवणार. अख्ख्या दौंड तालुक्याची एजन्सी तो मला द्यायला तयार होता. तीन दिवस घासाघीस करून मी त्याला घाम फोडला. बोली पक्की व्हायच्या आधीच दुकानावर नवीन बोर्ड लावला: 'उपग्रहाद्वारे पाणी शोधून मिळेल'. सायकलवर जोड विकणाऱ्याचं नाव तालुक्यात होणार होतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

प्रात्यक्षिक दुकानामागच्या मोकळ्या रानात ठेवलं. मांडव टाकला, वडापाव सांगितला, चाळीसेक शेतकरी बोलावले. साहेबानं पेटी फिरवली. पडद्यावर निळा डाग उमटला आणि त्यानं तिथं चुन्याच्या फक्कीनं फुली मारली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मामा उठले.

"साहेब, लई झकास. आता एक करा. तुम्ही मांडवात चहा घ्या, आम्ही ही फुली पुसतो. मग पेटी फिरवून आणा."

साहेब हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मला गंमत वाटली नाही, कारण मी मामांना ओळखत होतो. मी पुढं होऊन दबक्या आवाजात म्हणालो, "मामा, बसा की खाली."

"बसतो की. पाणी काय पळून जातंय व्हय?"

त्यांनी फुलीच्या मधोमध खिळा ठोकला, वर माती सारली आणि पायानं सारखी केली. साहेब चहा पिऊन आला. या वेळी डाग उमटला तो खिळ्यापासून चांगला वीस-पंचवीस पावलांवर. तिसऱ्या वेळी थेट बांधापाशी. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, पाणी चालाय लागलं!" सगळं रान हसलं. वरून विजेची लाईन गेल्यामुळं सिग्नल हलतो, असं साहेब सांगू लागला. मामांनी नम्रपणे विचारलं, "मग सिग्नल हलला तर आम्ही बोअर कुठं घ्यायचं? तेवढं सांगा."

गर्दीत हातावर नारळ धरून पाणी दाखवणारा एक पाणाड्याही होता. त्याला चेव आला. "म्हणून म्हणतो मामा, आपला नारळ बरा."

"तुझाबी फिरवून आण. डोळं बांधून," मामा म्हणाले. पाणाड्या वडापावाच्या पातेल्याकडं वळला.

माझं डोकं फिरलं. चाळीस माणसांसमोर मी मामांना म्हणालो, "काट्यावर जाऊन बसा! माझ्या धंद्यात नाक खुपसू नका. उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही." मामांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले. साहेबही पेटी टेम्पोत घालून गेला, तो फोन उचलेना. बोर्ड मी स्वतः उतरवला. पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाईक पाइप घेता घेता विचारायचं, "शेठ, पाणी आज कुठवर चाललंय?"

दीड वर्ष आम्ही बोललो नाही. पेपर रोज यायचा आणि घडी न मोडता रद्दीत जायचा. मग कळलं, की मामांना धाप लागते आणि मुलीनं त्यांना शिरूरला नेलंय.

मी शिरूरला गेलो तो चौकशीला नाही, भांडायला. खोटं कशाला सांगू? मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते, खूप वाळले होते. मुलीनं चहा टाकला. मी बसायच्या आधीच सुरू केलं.

"मामा, यंत्र खोटं निघालं, मान्य आहे. पण मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. चाळीस माणसांत माझी अब्रू कशाला घालवली?"

मामांनी आधी श्वास जुळवला. मग म्हणाले, "बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस? त्या साहेबाला म्हणाला असतास, तुझ्या मालात खोट हाय, भाव उतरव. त्यानं उतरवला असता. आन् तू विकला असतास."

मी ताडकन उठलो. चहा न घेता गाडीत बसलो. न्हावऱ्यापर्यंत मनात त्यांना शिव्या घालत होतो. त्यानंतर मात्र शिव्या आठवेनात. त्या साहेबाशी मी कसा बोललो असतो, हेच डोक्यात चालू झालं, आणि एकेक वाक्य तयार होत गेलं. चांगली वाक्यं होती. चौफुल्याला गाडी बाजूला घेऊन मी फोन लावला.

"मामा, खरं आहे तुमचं. निम्म्यावर आणला असता मी त्याला."

पलीकडं आधी नुसती धाप ऐकू आली. मग हसण्याचा आवाज आला. "निम्म्यावर? एवढी खोट आसून निम्म्यावर? आरं, तू सौद्यात कच्चाच ऱ्हायलास." मग खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "ये परत. पोरीनं चहा टाकून ठेवला व्हता."

मी जाणार होतो. कारखाना सुरू झाला, दुकानात गर्दी वाढली, आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता राहिलं. एका सकाळी मुलीचाच फोन आला.

आता नवीन काहीतरी घेऊन कंपनीचा माणूस आला, की मी त्याला आत केबिनमध्ये नेत नाही. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं असतं, तिथंच त्याला वस्तू उघडून चालवायला सांगतो, एकदा आणि परत एकदा. यापायी तीन एजन्सी हातच्या गेल्या. त्यांतल्या एकाला तर मी सहज निम्म्याच्या खाली आणला असता. त्याचा मला अजून राग येतो. पण वस्तू मी बाहेरच उघडायला लावतो.