लिमाचीच्या बासचं बारसं

एलेउतेरिओ लिमाचीने एकोणीस वर्षं बास गिटार वाजवली आणि एकोणीस वर्षांत ती एकदाही त्याच्या घरी मुक्कामाला आली नाही. लग्न असो, कुणाचं नवं घर असो, गल्लीतल्या संताचा उत्सव असो. कार्यक्रम आटोपला की ताफ्याच्या मालकाचा, रेमिहिओ काय्योचा, माणूस हात पुढे करायचा. लिमाचीने गळ्यातला पट्टा काढायचा, गिटार पेटीत ठेवायची, पेटी रेमिहिओच्या कोठारात आणि कोठाराची किल्ली रेमिहिओच्या कमरेला. एल आल्तोत, पठारावरच्या या शहरात, वाजवणारे खंडीभर पडलेत. ताफा कुणाचा? तर ज्याच्या नावावर स्पीकर, गिटारी आणि टेम्पो आहे त्याचा. बाकीची माणसं बल्बासारखी, एक गेला की दुसरा लावायचा. रेमिहिओला स्वतःला शिट्टीसुद्धा सुरात वाजवता येत नसे, तरी फलकावर नाव त्याचंच.

मग घरी सराव कशावर करायचा? लिमाचीने मोडक्या कपाटाची एक फळी घेतली, गिटारीच्या मापाने तिच्यावर पडद्यांच्या रेघा मारल्या आणि सायकलच्या ब्रेकच्या चार तारा ताणून बसवल्या. रोज सकाळी अंगणात उन्हाला बसून तो ती फळी वाजवायचा. फळीतून आवाज निघत नसे. शेजारीण कौतुकाने सांगायची की अख्ख्या गल्लीत एवढा सभ्य वादक दुसरा नाही.

गिटार मालकाची, तिची उस्तवारी मात्र लिमाचीची. इथली हवा कोरडी आणि थंडी हाडात शिरणारी. लाकूड आखडतं, मान वाकते. म्हणून तो पेटीत अर्धा कापलेला बटाटा ठेवायचा, लाकडाला ओलावा राहावा म्हणून. पडद्यांखालच्या पट्टीला लामा या उंटासारख्या जनावराची चरबी चोळायचा. आणि तारा? बासच्या तारा जाड, त्यांच्या वेटोळ्यांत बोटांचा घाम आणि मळ साचतो, मग आवाज असा येतो की जणू कुणी उशीत तोंड घालून बोलतंय. नव्या तारा रेमिहिओ घेत नसे. दर दोन महिन्यांनी लिमाची तारा उतरवून घरी आणायचा आणि व्हिनेगर घालून उकळायचा. एवढ्या उंचीवर पाण्याला उकळी लवकर येते पण तिच्यात दम नसतो, म्हणून तारा तास-दोन तास रटरटत ठेवाव्या लागत. बायकोकडे, बासिलियाकडे, मोठं पातेलं एकच. शुक्रवारी त्यात तारा, शनिवारी त्यातच सूप. पहिला घोट घेऊन बासिलिया म्हणायची, "आज खर्ज जास्त पडलाय."

हे असंच चाललं असतं. पण एका लग्नात, गर्दी ऐन रंगात असताना, दोन गाण्यांच्या मध्ये लिमाची रेमिहिओला म्हणाला की आता तारा उकळून भागत नाही, नव्या घ्या. रेमिहिओने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं.

"तुझा बास ऐकायला येतं कोण? लोक गाणारणीचे पाय बघायला येतात."

 बोलणं लिमाचीला कधी जमलंच नव्हतं. पुढचं गाणं सुरू झालं आणि मध्यावर त्याने तारांवरचा हात उचलला, एवढंच. गाणं चालूच होतं, ढोल वाजत होता, गाणारीण गात होती. पण दोन क्षणांत नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. नवरीचा मामा मागे खुर्ची आहे अशा समजुतीने खाली बसला, खुर्ची नव्हती. अर्धं लग्न उभं राहून आपल्या बुटांकडे बघत होतं, जणू कुणी तळवे काढून नेलेत. लिमाचीने पट्टा काढला, गिटार रेमिहिओच्या हातात दिली आणि चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी ड्रमवाला प्लासिदो, गाणारी हुस्ता आणि कीबोर्डवाला ओराशिओ असे तिघं त्याच्या दारात हजर. चौघांनी स्वतःचा ताफा काढला. नाव ठेवलं 'सिन दुएन्यो', म्हणजे बिनमालकाचे. जुना अँप्लिफायर चौघांनी मिळून घेतला. चौघांत बास मात्र नव्हता.

तो दिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, फोर्तुनाता युहराने. ही बाई सुकवलेल्या बटाट्यांची घाऊक व्यापारी, तीन ट्रकांची मालकीण, आणि यंदा गल्लीच्या उत्सवाची यजमानीण. त्या लग्नात ती गिरकीच्या मधोमध होती. पाय थांबले, पण अंगावरचे चार घेरदार परकर पुढे फिरत राहिले आणि ती स्वतःच्याच कपड्यांत गुंडाळली गेली. दुसरी असती तर चिडली असती. ही म्हणाली की जो माणूस हात उचलून माझे पाय बांधतो, त्याच्या हातात स्वतःची चीज पाहिजे. मीच त्या गिटारीची माद्रिना होणार. माद्रिना म्हणजे मानलेली आई. वस्तू तिने द्यायची, बारसंही तिनेच करायचं. चेरीसारखी लालभडक, कोरी गिटार आली. तिच्या पाठीत बॅटरीसुद्धा होती. लिमाचीने हे पहिल्यांदाच पाहिलं. गिटारीला काय खायला लागतं म्हणून त्याने बासिलियाला विचारलं.

बारसं उत्सवाच्या दिवशी, गल्लीसमोर. आणि उत्सवाला यजमानणीने दोन ताफे बोलावले होते: वरच्या टोकाला रेमिहिओचा, खालच्या टोकाला बिनमालकाचे. आळीपाळीने वाजवायचं. ज्याच्यापुढे गल्ली नाचेल तो खरा. जो गल्लीसमोर पडला त्याला पुढे कुणी दारात उभं करत नाही. रेमिहिओने आधीच निरोप धाडला होता की पडलास तर परत ये, मी दयाळू आहे, पण पहिलं वर्ष स्पीकर उचलायचे.

आता बारसं म्हणजे चाल्ला. नवा ट्रक असो, नवं घर असो, फ्रिज असो, त्याच्यावर दारू शिंपडल्याशिवाय, धरणीमायला तिचा घोट दिल्याशिवाय ती वस्तू आपली होत नाही. लिमाचीचा यावर पूर्ण विश्वास होता. पण ट्रक बियर बंपरवर पितो. गिटारीच्या पोटात वायरी असतात. आठवडाभर त्याने आडून आडून प्रयत्न केले. फुलं आणि रंगीत कागदाचे तुकडे एवढ्यावर भागेल का, असं विचारून पाहिलं. दोन्याला ते कंजूषपणाचं वाटलं. प्लास्टिकचा विषय काढला तर तिने विचारलं, चर्चमध्ये पोर प्लास्टिकात गुंडाळून नेतोस का? शेवटी बासिलियाने जिथे जिथे भोक दिसलं तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, बाकी देवाच्या हाती.

देवाच्या हाती काही नव्हतं. सगळं दोन्याच्या हाती होतं. भर दुपारी ती गोल टोपी डोक्यावर, सोनं कानात, पायाशी बियरचा क्रेट अशी उभी राहिली. आधी जमिनीला दिलं, मग चारी दिशांना. मग बाटलीवर अंगठा दाबून ती हलवली आणि गिटारीवर सोडली. एक बाटली मानेला, एक अंगाला. सगळ्यांना वाटलं, झालं. तिने तिसरी उघडली.

"तारा चार आहेत ना?" ती म्हणाली. "मग अजून चार बाटल्या. एकीला लाड आणि एकीला उपास, असा दुजाभाव माझ्या घरात नाही."

सहा बाटल्या. गल्लीने टाळ्या वाजवल्या. लिमाची हसत उभा होता. त्याचा चेहरा असा की दाढ उपटून घेताना कुणी फोटो काढतंय.

वरच्या टोकाला रेमिहिओचा ताफा वाजवत होता, त्यांची चार गाणी उरली होती. लिमाचीने वायर जोडली. आधी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. मग म्हातारा खाकरावा तसा. मग काहीच नाही.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण बोलायचं काय? माद्रिनाच्या हाताने बारसं केलं आणि पोर जागीच गेलं? व्यापारी बाईच्या हाताला अपशकुनी म्हणायचं? उद्या तिच्याकडून बटाटा कोण घेईल? दोन्याने लांबून विचारलं, काय रे, का थांबलात? लिमाची म्हणाला, थंडीने जरा आखडलीय. ऊन एवढं होतं की प्लासिदोच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

कोण कुठे बुडतंय हे रेमिहिओला मैलावरून कळतं. तो खाली आला, मागे त्याचा माणूस लिमाचीची जुनी पेटी घेऊन; वरच्या नव्या बासवाल्याला त्याने दुसरी गिटार दिली होती.

"घे," तो म्हणाला, "ही कोरडी आहे. अटी जुन्याच. बिनमालकाची तर इथे कुत्रीसुद्धा आहेत, लिमाची. गाडीखाली येतात."

पेटी उघडी होती. आतला बटाटासुद्धा लिमाचीनेच ठेवलेला. आणि खोटं कशाला सांगा, त्याचा हात पुढे गेला. एकोणीस वर्षं जी मान पकडली तिच्याकडे हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही.

"एलेउतेरिओ." बासिलियाने आवाज चढवला नाही. "हात मागे घे. आणि तुझी इकडे आण."

बासिलिया गुरुवार-रविवारच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करते. तिने परकराच्या खिशातून नाणं काढलं, गिटारीच्या पाठीवरची पट्टी उघडली, आधी बॅटरी उपटली आणि गिटार तिरपी केली. नळातून यावी तशी बियर आली, शेवटी तीन रंगीत कागद. ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली की उत्सवाच्या दिवसांत माझ्याकडे येणारे अर्धे फोन असेच पिऊन आलेले असतात. बियरमधली साखर चिकटते, ती धुवायला कडक दारू लागते, पाण्याचा थेंब नसलेली. तशी दारू अख्ख्या गल्लीत एकाच ठिकाणी होती: धरणीमायच्या टेबलावर. आणि त्या बाटलीला हात लावायचा हक्क एकाच बाईचा.

बासिलिया गिटार उराशी धरून तिच्यापुढे गेली. पोराचे आईबाप माद्रिनाला कोमाद्रे म्हणतात, तशीच तिने हाक मारली.

"कोमाद्रे, एक विचारू? तुमच्या आजोबांच्या काळी खरी चाल्ला कशाने व्हायची?"

दोन्याची छाती फुगली. "शुद्ध दारूने. हे बियरचं फॅड आत्ताचं. आजोबा खाणीत होते, ते बियरला मूत म्हणायचे."

"तेच म्हणते मी. वरून झालं सगळं. पोट राहिलंय." आणि बासिलियाने उघडी पाठ पुढे केली.

दोन्याने आत डोकावलं. वायरींचं ते जंजाळ बघून ती गंभीर झाली, जणू पोरीचं आतडं बघतेय. मग बाटली घेतली आणि आजोबांच्या तोंडची प्रार्थना पुटपुटत थेंब थेंब ओतू लागली. बासिलिया दातांच्या ब्रशने घासत होती आणि भक्तिभावाने सांगत होती की इथे, कोमाद्रे, या कोपऱ्यात अजून एक आशीर्वाद. त्या बटणाखाली थोडा. प्लासिदो सिगारेट तोंडात घेऊन कौतुकाने वाकला, तेव्हा तिने ती त्याच्या ओठांतून उपटून बुटाखाली चिरडली आणि प्रार्थनेत खंड पडू दिला नाही. रेमिहिओ बघत राहिला. हे बारसं आहे की दुरुस्ती, ते त्याला कळेना, आणि यजमानणीला विचारायची हिंमत होईना.

पठारावरचं ऊन आणि वारा. पाच मिनिटांत पोट कोरडं. वर रेमिहिओच्या ताफ्याचं शेवटचं गाणं संपलं. बासिलियाने बॅटरी लावली, पट्टी बसवली. लिमाचीने सगळ्यात जाड तार छेडली.

आवाज आधी पायांना आला, मग कानांना. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी थरथरली. एक बटण कायमचं मेलं होतं, पण ते बारीक आवाजाचं. त्यावाचून कुणाचं अडणार होतं?

दोन्या खुशीत आली. हातांत दोन नव्या बाटल्या घेऊन तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर अँप्लिफायरवर पडली.

"आणि हे पेटारं? हे कोरडंच?"

ती दोन पावलं गेली असेल. लिमाची मध्ये आला. एकोणीस वर्षांत ज्याने मालकाला कधी 'नाही' म्हटलं नव्हतं, ज्याने सहा बाटल्या हसत सोसल्या, तो माणूस हात पसरून उभा राहिला.

"नाही, कोमाद्रे. पुरे. याला नाही."

 रेमिहिओचा चेहरा उजळला. यजमानणीला सगळ्यांसमोर अडवलं, आता हा आपोआप संपला.

"मला नाही म्हणतोस?" दोन्या म्हणाली. "मला? हे सांगणारा तू कोण?"

"मालक." शब्द बाहेर पडला तेव्हा तो स्वतःच दचकला. मग मागे वळून त्याने तिघांकडे पाहिलं. "आम्ही चौघं. चौघं मालक आहोत याचे. भिजलं तर आमचं जाईल, म्हणून नाही म्हणतो."

दोन्याने त्याला खालून वर न्याहाळलं. ट्रकवर नवा ड्रायव्हर ठेवताना ती असंच बघते.

"चौघं?" ती म्हणाली.

"चौघं."

"मग चौघं मालक रांगेत उभे राहा. पेटारं राहू दे कोरडं. पण मालक कोरडे चालायचे नाहीत."

आणि तिने एकेकाची टोपी उचलून बियर ओतली. हुस्ताने वेण्या पुढे घेऊन निमूटपणे मान वाकवली, ओराशिओने तोंड उघडं ठेवलं, लिमाची डोळे मिटून उभा राहिला. गल्ली पोट धरून हसत होती आणि हसता हसता खालच्या टोकाकडे सरकत होती. रेमिहिओ पेटी घेऊन वर निघाला तेव्हा लोक समोरून खाली येत होते. त्याला भिंतीला चिकटून जावं लागलं.

प्लासिदोने काठ्या आपटून ताल दिला. लिमाचीने पट्टा गळ्यात घातला. अंग ओलं, वारा बोचरा, दात वाजत होते, आणि ओल्या बोटांना तारेतून बारीक बारीक झटके बसत होते. पहिल्याच फेऱ्याला दोन्याचे परकर फिरले. मागून बासिलिया आली आणि तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, कारण टोपीच्या कडेवरून बियरचे थेंब गिटारीवर पडत होते.