बारा पानं, चार वाक्यं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मेहुण्याचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या मुकादमांइतकं कमी आणि तेवढ्याच मोठ्यानं बोलणारा माणूस अख्ख्या सोलापुरात नाही. चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेली. तिथं लांब वाक्य म्हणजे फुकट गेलेला श्वास. घरीही तेच. मुलीला बघायला आलेल्या मंडळींपुढे ते गरजले, "पोरगी शिकलीय. हट्टी हाय. च्या घ्या." लग्न जमलं. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नसावी.

अशा माणसापुढे मी, वेबसाइटचा मजकूर लिहून पोट भरणारा, कारखान्याच्या नव्या वेबसाइटसाठी लिहिलेली बारा पानं घेऊन उभा राहिलो. पाडव्यापर्यंत नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर मुकादमांच्या शेडमधले आठही जुने माग भंगारात जाणार होते. म्हणून मी पहिल्याच वाक्यात सगळा जोर लावलेला: 'उत्कृष्टतेच्या धाग्यांनी गुंफलेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासाचा अखंड वारसा.' मुकादमांनी कागद हातातही घेतला नाही. चालू मागाशेजारी मला उभं केलं आणि शेडच्या पार टोकाच्या विणकराकडे बोट दाखवलं. "पाव्हणं, त्याला सांगा." मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. निम्म्यातच दम संपला. विणकर माग बंद करून धावत आला.

"काय झालं? कुणाला लागलं काय?"

"न्हाय," मुकादम म्हणाले, "पाव्हणं टॉवेल इकत्यात."

"मग टॉवेलचं नाव काढा की!"

तीन दिवस मी ओरडत होतो. विणकरानं मान डोलावली तर वाक्य राहायचं, नाहीतर जायचं. शेवटी चारच उरली: 'सुती टॉवेल. पाणी लगेच टिपतो. रंग जात नाही. नमुना मागवा.' त्यातही मुकादम अडले. "लाल जातोय की. लिव्हा तसं." स्वतःच्या मालाची अशी बदनामी कुणी करतं का, म्हणून मी तासभर वाद घातला आणि हरलो. वेबसाइटवर तिसरं वाक्य बदलून गेलं: 'लाल रंग पहिल्या धुण्यात थोडा जातो.'

पाडव्याच्या आधी पंढरपूरच्या एका लॉजवाल्याचा फोन आला. "आपल्याच मालातली खोट सांगणारे तुम्हीच पहिले. पांढरे पाठवा."

तेवढ्या कामावर पाच माग राहिले. तीन गेले. टेम्पो फाटकाबाहेर पडल्यावर शेडमधला आवाज बराच उतरला होता, आणि मुकादम मला पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकू आले. त्या तीन मागांवर कोण कोण राबलं, कोण कुठल्या गावचं, कुणाचा धागा कधीच तुटायचा नाही, ते एकेकाचं नाव घेऊन सांगत राहिले. दुसरी पाळी येईपर्यंत आम्ही तिथंच उभे होतो.