समीरची की काढताना

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. पॅन्ट्रीच्या सिंकमध्ये कप साठतात तसे ते साठतात, आणि शेवटी धुवायची पाळी कुणा एकावर येते. आमच्याकडे ती माझ्यावर आली, कारण लिहायचं काम माझं!

खांदा कॉलनीत स्वीट मार्टच्या वर आमचं छोटंसं ऑफिस. कंटेनर यार्डवाल्यांना आम्ही एआय एजंट बनवून देतो. म्हणजे गेटपास काढ, मेल पाठव, अशी कामं आपापली उरकणारं सॉफ्टवेअर. त्याला यार्डाच्या सिस्टीमची की द्यावी लागते, पासवर्डसारखी. ती की काढून घ्यायचं टूलही आमचंच. लाडाचं नाव ‘सफाचट’. एकदा काढलेली की परत मिळत नाही. त्याचं मॅन्युअल मी लिहीत होते.

*

मॅन्युअल कुणी वाचत नाही, हे माझं जुनं दुखणं. पण एक वाचक मिळाला! टेस्टिंगमधल्या एका एजंटला आम्ही म्हटलं, “हे पान वाच आणि काय कळलं ते सांग.” पानावर नमुन्याची कमांड होती आणि नमुन्यात नेमकं त्याचंच नाव. त्याने कमांड वाचली, चालवली आणि स्वतःचीच की उडवली! काय कळलं ते सांगायला तो उरलाच नाही.

आमची टेस्टर प्राजक्ता म्हणाली, “ताई, इतकं मन लावून तुमचं आजवर कुणी वाचलं नव्हतं.”

*

मग इशाऱ्याचं वाक्य आलं. मी लिहिलं, ‘काढलेली की कधीही परत आणता येत नाही.’

आमचे मॅनेजर कुलकर्णी सर म्हणाले, “कस्टमर घाबरेल हो. ‘शक्यतो’ घाला.”

मी भडकलेच! “सर, माणूस शक्यतो गेला, असं कुणी म्हणतं का?”

बोलून गेले आणि जीभ चावली. समोर आमच्या प्रोग्रामरची, समीरची, रिकामी खुर्ची होती. डेंग्यूचं निमित्त झालं आणि तो नुकताच गेला होता. सफाचट त्यानेच लिहिलेलं. सर हळूच म्हणाले, “राहू दे तुमचं वाक्य.”

*

समीर जासईचा. त्या रस्त्यावर सदा ट्रेलरची रांग आणि हा बाइकवर. म्हणून आईचा हुकूम, ऑफिसात पोचलास की मेसेज कर. हा विसरायचा, आणि माउली फोन करकरून आम्हाला हैराण करायची. शेवटी पठ्ठ्याने रोज ठरल्या वेळी मेसेज पाठवायचं काम आपल्या एजंटलाच लावून दिलं! एकदा सुट्टी घेऊन घरी जेवायला बसला होता, तेवढ्यात आईचा मोबाइल वाजला. ‘आई, पोचलो.’

“मंग माज्या समोर जेवतंय कोन?” आई म्हणाली.

तेव्हा कबूल करावं लागलं, की मेसेज मशीन पाठवतं. हा किस्सा तोच आम्हाला रंगवून सांगायचा आणि स्वतःच पोट धरून हसायचा.

*

बाराव्याला आम्ही जासईला गेलो. त्याच्या आईपुढे, मावशींपुढे बसलो, पण बोलायचं काय? इतक्यात त्यांचा मोबाइल वाजला. ‘आई, पोचलो.’

मावशींनी चष्मा लावला, वाचलं, एकेक अक्षर शोधत ‘बरा’ असं उत्तर लिहिलं आणि मोबाइल मांडीवर ठेवला. आधीच्या दिवसांच्या मेसेजखालीही तसंच उत्तर होतं. सर तोंड फिरवून बाहेर गेले. मला रडू आवरेना.

*

समीरच्या नावाची की तशीच ठेवणं धोक्याचंच होतं. गेलेल्या माणसाच्या कीवर एजंट चालू, आणि ती भलत्याच्या हाती लागली तर यार्डाचं गेट उघडं! ह्यासाठीच तर सफाचट लिहिलं. पण की गेली की एजंट बंद, आणि आईचा मेसेजही बंद.

सर म्हणाले, “मेसेजपुरती दुसरी की देऊ. मावशींना कळणारसुद्धा नाही.”

प्राजक्ता उसळली. “आजवर चुकून जात होता, सर. आता आपण जाणूनबुजून त्याच्या नावाने पाठवायचा?”

मावशींना सांगूनच की काढायची असं ठरलं. सांगणार कोण, हे आम्ही तिघं एकमेकांवर ढकलत राहिलो.

*

मावशींना फोन केला, तर त्या स्वतःच आल्या. “मना बगायचाय, यो बसायचा कुठं.” त्याच्या खुर्चीवर बसल्या. प्राजक्ताने लॅपटॉप उघडून त्यांना सगळं नीट समजावलं.

“ठेवला तं कोनाचा नुकसान होल?” त्यांनी विचारलं.

“होऊ शकतं, मावशी.”

“मंग काडा.”

प्राजक्ताने कमांड टाइप केली, पण चालवली नाही. ती म्हणाली, “मावशी, मशीन पाठवतं हे तुम्हाला माहीत होतं ना? मग रोज उत्तर का द्यायचात?”

“आगो बाय, त्याला कोनी सांगलाच नाय, समीर गेला म्हनून. रोज आपला सांगतंय, पोचलो, पोचलो. मी कशी सांगू?”

त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

“तूच सांग. मना नाय जमायचा.”